वरच्याने आपणहून ओढायचं नाही

सोमवार, ४ मे

नोकरी लागली, तीसुद्धा खेळायची! आईला तीनदा समजावलं, की संगणकावर खेळ खेळायचा आणि कुठे भीती वाटली, कुठे कंटाळा आला ते लिहायचं, एवढंच काम. तरी तिची खात्री पटेना. म्हणाली, असल्या गोड नोकऱ्यांच्या पोटात काहीतरी असतं, नीट बघून सही कर, यास्ना.

कास्त्रोत उतरले तेव्हा पाऊस नव्हता, हेच मोठं. बाल्तासार स्वतः न्यायला आला होता. मालक तोच. फाटका स्वेटर, चार दिवसांची दाढी. मी साहेब म्हटलं तर म्हणाला, की पुन्हा साहेब म्हणशील तर त्याच बसने परत पाठवीन. घर खांबांवरचं आहे. भरतीला फळ्यांखाली पाणी, ओहोटीला चिखल आणि भांडणारी कुत्री. पुढच्या खोलीत ऑफिस, माडीवर माझी खोली, मागे दोन्या ओफेल्मिनाचं स्वयंपाकघर. घर तिचं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, की एवढी धडधाकट बाई दिवसभर बसून खेळणार, मग माझी लाकडं कोण फोडणार? पण मिल्काओ चुलीवरून उतरवला तो पहिला माझ्याच ताटात. बटाट्याचा असा खमंग मिल्काओ घर सोडल्यापासून खाल्ला नव्हता.

तिसरी रेनाता. खेळ प्रत्यक्ष तीच बनवते, बाल्तासार नुसता स्वप्नं बघतो, असं तिनेच सांगितलं, त्याच्या तोंडावर.

ही वही बाल्तासारने दिली. पहिली भीती माणसाला एकदाच वाटते, दुसऱ्या दिवशी ती शिळी होते, म्हणून त्याच दिवशी लिहायचं, असं त्याचं म्हणणं. मला का घेतलं, तेही सांगितलं. अर्जात लिहिलं होतं ना, पाच वर्षं होडीवर 'तेले' होते म्हणून. तेले म्हणजे खाली गेलेल्या पाणबुड्याची नळी वर धरून बसणारा. पाणबुड्या कोण, असं त्याने विचारलं. माझा भाऊ, एलिएसेर. गेल्या ऑगस्टमध्ये गेला. नळी खडकात अडकली, मी लगेच ओढली, आली नाही. बाल्तासारने मान खाली घातली. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे, की आता तोंड ते आपलं आपण म्हणतं.

असो. खिडकीतून खाडी दिसते. झोप चांगली लागणार.

मंगळवार, ५ मे

पहिलं मत, मालकाच्या आज्ञेवरून.

खेळाचं नाव 'फोंदो', म्हणजे तळ. एक पाणबुड्या बुडालेल्या मासळीच्या पिंजऱ्यांत उतरतो. हातात टॉर्च, कोपऱ्यात हवेचा काटा, आणि जाळ्यांमागे काहीतरी फिरत असतं. हवा संपायच्या आत एकेक पिंजरा पार करायचा.

अंधार मात्र बरोबर जमला आहे. आधी हिरवं, मग चहासारखं, मग काहीच नाही. साखळ्यांचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल. पण राक्षस! दात बघून मी खुर्चीत हसत सुटले. मी लिहून दिलं, की जो खाली गेला आहे तो दातांना भीत नाही. तो आपल्या पाठीमागच्या रिकाम्या जागेला भितो. एरिसो, म्हणजे आम्ही तळातून काढून विकतो ते काटेरी गोळे, इथे जांभळ्या रंगाचे, लग्नातल्या मिठाईसारखे. समुद्रगवत वाळत घातलेल्या धुण्यासारखं फडफडतं. आणि पाणबुड्याच्या पाठीवर टाकी! टाकी लावून पर्यटक उतरतात. पोटासाठी उतरणारा नळीवर उतरतो.

बाल्तासारचं तोंड एवढंसं झालं. रेनाता मात्र पहिल्यांदाच हसली. म्हणाली, चार महिने मी ओरडतेय की दात काढून टाक, तेव्हा मी खडूस होते. आता समुद्रावरची बाई बोलली तर ती शहाणी.

गुरुवार, ७ मे

आज मी मास्तरीण झाले. दोघांना समोर बसवून नळीचं काम शिकवलं. होडीवर कॉम्प्रेसर, त्यातून पिवळी नळी, नळीच्या टोकाला माणूस. त्या हवेला तेलाची चव असते, ती दोन दिवस जिभेवरून जात नाही. कॉम्प्रेसरचा धूर तिच्यात शिरला, तर खालच्याचे हातपाय गळतात, त्याला आपणहून वर येता येत नाही. बोलणं सगळं झटक्यांनी. एक झटका, ठीक आहे. दोन, नळी सोड. चार, वर घे.

मग आमच्या किनाऱ्याचा नियम सांगितला. खालच्याने मागितल्याशिवाय वरच्याने आपणहून ओढायचं नाही. कितीही वेळ होवो. बाहेरच्यांना आम्ही कारण सांगतो, की घाईने वर आणलं तर हाडांत हवा शिरते. ते खरंच आहे. पण खरं कारण मान. न मागता वर आलेला पाणबुड्या म्हणजे अवेळी जन्मलेलं पोर. रविवारी सगळ्यांसमोर त्याला बाळाच्या बाटलीतून दारू प्यायला लावतात. आणि ओढणाऱ्याला म्हणतात दाई.

रेनाताने विचारलं, तुला कधी म्हणाले का? म्हणाले ना. एकदा एलिएसेर बराच वेळ गप्प होता, मला राहवलं नाही, मी ओढलं. बेटा ठणठणीत वर आला, टोपलीत अर्धेच एरिसो. रविवारी बाटली चोखताना अख्ख्या किनाऱ्यासमोर ओरडला, "नऊ महिने तरी भरू द्यायचे होतेस गं दाईबाई! एवढी घाई होती तर स्वतःचं काढ की एखादं!" माझं लग्न मोडून तेव्हा महिनाही झाला नव्हता. सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

बाल्तासार खूश. टाकी जाणार, नळी येणार, आणि वर होडीवर एक तेले, जो खेळणाऱ्याने चार झटके दिल्याशिवाय ओढणार नाही. राक्षसाचे दातही गेले. खेळात माझं नाव मोठ्या अक्षरांत घालणार म्हणाला. मी नको म्हटलं, पण मनातून आवडलं.

सोमवार, ११ मे

नवा खेळ आज हाती आला. नळी उत्तम. हातातल्या यंत्राला झटका दिला की थरथरतं, अगदी तसंच. मी उतरले, पहिला पिंजरा पार केला. आधीच्या खेळात पाणबुड्याच्या श्वासाचा आवाज नव्हता, तो आता घातला आहे.

तीन श्वास, मग एक रोखलेला. रोखताना घशात बेसूर गुणगुण.

मी हेडफोन काढून टाकले. जगात असा श्वास घेणारा एकच माणूस मला माहीत आहे. हवा वाचवायला तो चौथा श्वास रोखायचा आणि रोखताना कुएका नाचाची चाल गुणगुणायचा, तीही चुकीची. मी वरून ओरडायचे, की खाली मासे मरतील रे तुझ्या गाण्याने.

आवाज कुठून आणलास, म्हणून बाल्तासारला विचारलं. त्याला तेच हवं होतं. जुन्या बाजारात एक पाण्यातला कॅमेरा मिळाला त्याला. शेवाळ गोळा करणाऱ्या बाईला किनाऱ्यावर सापडलेला. चित्रं गेली, पण आवाज शाबूत, पुरती बेचाळीस मिनिटं. खराखुरा पाणबुड्या, कोण कुठला कोण जाणे! असा अस्सल माल पैसे टाकूनही मिळत नाही, असं म्हणून त्याने हात चोळले.

एलिएसेरच्या कपाळाला कॅमेरा होता. विसरलेच होते मी.

मंगळवार, १२ मे

आजपासून ही वही माझी. बाल्तासारसाठी वेगळी लिहीन.

पूर्ण आवाज ऐकायला मागितला. बाल्तासार म्हणाला, ऐक की, तुझ्याइतकं कुणाला कळणार! त्याने एक गंमतही सांगितली. एकतिसाव्या मिनिटाला तो माणूस चारदा कण्हतो, हं, हं, हं, हं, अगदी मोजून. त्यानंतर अकरा मिनिटं श्वास, मग नाही. रेनाताला वाटतं खोकला असेल. मला विचारलं, हे काय असेल गं?

मी म्हटलं, खोकला.

मग त्याने सांगितलं, की खेळ बाजारात येईल त्या दिवशी ही बेचाळीस मिनिटं जशीच्या तशी सगळ्यांना ऐकवायची. जाहिरातच तीच. जूनच्या पहिल्या आठवड्यात.

जोराने झटका देताना दातांत नळकांडं धरलेला माणूस कण्हतोच. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हा आवाज कळतो. आई ऐकेल, अख्खा किनारा ऐकेल. चार वेळा कण्हला, हे ऐकतील. त्यानंतर अकरा मिनिटांत एकदाही नळी ताणल्याचा, खडकाला घासल्याचा आवाज नाही, हेही ऐकतील. मग मी नऊ महिने जे सांगत आले ते कुठे जाईल? मी कुठे जाईन? आईचं दार एवढं एकच उरलं आहे मला.

माझ्या भावाचा शेवटचा श्वास विकू नका, हे मी त्यांना छातीठोकपणे सांगायला हवं होतं. दुसरी कुणी असती तर टेबल उलटं केलं असतं. पण तेवढं बोलायचं तर पुढचंही बोलावं लागतं. मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गुरुवार, १४ मे

तिसऱ्या टप्प्यात पोचले. पिंजरे संपले. पुढे नुसता खडक, एरिसोंची रांग, निळ्या दोरीची टोपली. जागा ओळखीची वाटली. वर पाहिलं तर होडीचा तळ, कडेला एक सावली बसलेली. मी चार झटके दिले. सावली हलली नाही. मी वाट पाहिली. हवेचा काटा शून्यावर आला तरी नाही.

रेनाताला म्हटलं, तुझा तेले ओढत नाही, काहीतरी बिघाड आहे. शिवाय सावली फार छान जमली आहे, खांदे पाडून बसते. रेनाताने चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाली, कसली सावली? तेले दिसत नाही, नुसती नळी वर जाते. आणि तिसरा टप्पा अजून बनवलाच नाही, बाई, दुसऱ्यानंतर खेळ संपतो. माझ्यासमोर तिने स्वतः खेळून दाखवला. दुसऱ्यानंतर संपला. बाल्तासार म्हणाला, यास्ना तर आत्ताच घाबरली, म्हणजे खेळ चालणार!

दोन्या ओफेल्मिनाने विचारलं, की तोंड का असं, खाडीतल्या मेलेल्या माशासारखी दिसतेस. चिकट पेज दिली. घशाखाली उतरली नाही. तेलाची चव लागते सगळ्याला.

शुक्रवार, १५ मे

आज पुन्हा गेले. मी खेळले नाही, नुसता चालू केला आणि थेट तिसऱ्यात उघडला. टोपलीची निळी दोरी मी वळलेली आहे, माझी गाठ आहे ती. होडीच्या तळाला आमचं ठिगळ आहे. सावलीच्या पायात माझे बूट आहेत.

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. नळी अडकली नव्हती. मी लगेच ओढली नव्हती. मी थांबले. बाटलीच्या त्या रविवारनंतरचा तो पहिला बुधवार. पुन्हा दाई म्हणवून घ्यायचं नव्हतं. नियम आहे आमचा. त्याने मागितलं नाही, म्हणून मी ओढलं नाही.

शनिवार, १६ मे

त्याने मागितलं नाही, हे खोटं आहे.

चार झटके. स्पष्ट. माझ्या तळहातात अजून आहेत. होडीवर तिसरं कुणी नव्हतं, कॉम्प्रेसर चालू होता, वारा पडल्याने त्याचा धूर होडीवरच रेंगाळत होता, ऊन होतं. मी मनात म्हटलं, आता लागली ना दाई? सगळ्यांसमोर बोललास. आता एकटा आहेस, माग अजून एकदा. दुसऱ्यांदा माग.

एवढंच. मारायचं नव्हतं मला. देवाशपथ. मला फक्त दुसऱ्यांदा हवं होतं.

मागितलंच नाही त्याने. मग ओढलं तेव्हा अडकलेलं काही नव्हतं, नळी अलगद आली. त्याच्यासकट. कपाळावरचा कॅमेऱ्याचा पट्टा तुटलेला. त्याचे हात वर, माझ्या दिशेने होते.

कालचं पुन्हा वाचलं. नियमावर ढकलण्यात माझ्यासारखी हुशार मीच. नियम माझ्या बाजूने एक शब्दही बोलत नव्हता. त्याने मागितलं होतं. नियमाप्रमाणे ओढायलाच हवं होतं.

रविवार, १७ मे

सगळे चर्चमध्ये. मी पुसलं ते. बाल्तासारच्या संगणकावरून, रेनाताच्याही, कॅमेऱ्यातलं कार्डही काढून कात्रीने चार तुकडे. बेचाळीस मिनिटं. दुसऱ्यांदा गप्प केलं त्याला.

हलकं वाटेल असं वाटलं होतं.

सोमवार, १८ मे

बाल्तासार रडला. टेबलावर डोकं ठेवून. रेनाता माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, की खोकला नव्हता ना तो? तिने कोट घातला. दोघं पोर्तो मोंतला गेले, कुणी जाणकार आहे, पुसलेलं परत आणतो म्हणे. जाताना ती म्हणाली, तुझ्या आईचा नंबर दे.

दिला. का दिला?

खेळ उघडला. आवाज नसणार म्हणून उघडला—

तीन श्वास. एक रोखलेला.

पुसलाय मी. मी स्वतः—

मंगळवार, १९ मे

दुपार. ओफेल्मिना बाजारात. संगणकाची तार काढली आहे. हेडफोन चुलीत टाकले. तरी आहे.

तीन. एक.

आता कळलं, खोलीत नाही तो आवाज. माझा आहे. मीच तसा घेते आहे. चौथा सुटत नाही.

गुडघे, कोपरं. हाडांत सुया. आम्ही बघतो ना पाणबुड्यांना, काठी टेकत चालणारे. तसं.

आईचा फोन आला. तिने विचारलं, ती बाई काय विचारत होती गं, कोण खोकलं? मी सांगायला तोंड उघडलं. हवाच नाही. हॅलो हॅलो करत राहिली. ठेवला तिने.

बुधवार, २० मे

खिडकीत पाणी. भरतीचं नाही. वरपर्यंत. आधी हिरवं होतं.

दार कुठल्या बाजूला—

वही मांडीवर. दिसत नाही नीट. नळी हातात आहे. पिवळी. हे खेळातलं नाही, हाताला लागते.

वर होडी.

कडेला एलिएसेर बसलाय. नळी त्याच्या मुठीत आहे. धडधाकट. ऊन आहे त्याच्या खांद्यावर.

ओढली मी. चारदा. मोजून.

कळलं त्याला. मान वळवली. खाली बघितलं. कळलं.

बसून आहे.

रागावलेला नाही. नुसता वाट बघतोय. मला माहीत आहे कशाची. जगात मला एकटीलाच माहीत आहे.

ठीक आहे. मागते रे. मागते. हात उचलवत नाही— दुसऱ्यांदा—

एक

दोन

ती